गोणीतला बटाटा: एका परक्या कंदाचे घर

'बटाटा' हे नाव मुळात बटाट्याचे नाही. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे आपण ज्याला रताळे म्हणतो तो गोड कंद. अँडीज पर्वतातील ज्या कंदाने पुढे जग जिंकले त्याचे क्वेचुआ भाषेतील नाव 'पापा'. स्पॅनिश लोकांनी दोन्ही कंद युरोपात नेले आणि वाटेत दोन्ही नावांची सरमिसळ झाली. पोर्तुगिजांनी तर दोघांना एकच नाव लावले आणि गोड कंदापुरते त्याला 'गोड' असे विशेषण जोडून भागवले. हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर रुजला तेव्हा गोड कंदाने मात्र 'रताळे' हे देशी नाव घेतले. संस्कृतातील 'रक्तालु'शी त्याचे नाते सांगितले जाते. म्हणजे ज्याचे नाव होते त्याने ते सोडले आणि ज्याचे नव्हते तो ते घेऊन बसला.

उत्तरेत याच्या उलट घडले. संस्कृतातील 'आलु' अथवा 'आलुक' हा खाण्याजोग्या कंदांना लावला जाणारा जुना शब्द. हिंदीने तो नव्या पाहुण्याला देऊन टाकला. मराठीत त्याच कुळातला 'अळू' पानांच्या वडीत आणि फतफत्यात इतका रमला होता की नव्या कंदासाठी जागा उरली नव्हती. म्हणून येथे परका कंद परक्याच नावाने राहिला. या दोन वाटांची सीमारेषा महाराष्ट्रातूनच जाते. विदर्भात 'आलू' आणि 'आलुबोंडा', पश्चिमेकडे 'बटाटा' आणि 'बटाटेवडा'. भाषेच्या नकाशावर अशा रेषा काढणाऱ्यांनी भाजीबाजाराकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला नेहमी वाटते.

हे सारे आठवण्याचे कारण 'घरचा बटाटा' हा अलीकडे रूढ झालेला शब्दप्रयोग. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत, रंगाच्या डब्यात, फुटक्या बादलीत बटाटे लावण्याची हौस शहरांतून आता तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे. सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, माळशिरस तालुक्यात, नातेपुते आहे. तेथील एखाद्या गच्चीवर अशी गोणी ठेवली, तर तिच्यातून निघणाऱ्या बटाट्याला 'घरचा' म्हणताना आपण नेमके काय म्हणत असतो? प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी या कंदाच्या मराठी मुलखातील वाटचालीचा थोडा धांडोळा घ्यावा लागतो.

सतराव्या शतकातील इंग्रज प्रवासवृत्तांत वाचणाऱ्याने आरंभीच सावध राहावे. सर टॉमस रो या वकिलाबरोबर आलेला धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने असफखानाच्या मेजवानीचे वर्णन करताना 'पोटॅटो'चा उल्लेख केला आहे, आणि त्यावरून जहांगिराच्या काळात भारतात बटाटा होता असे बिनदिक्कत लिहिले जाते. पण त्या काळच्या इंग्रजीत तो शब्द रताळ्यालाही चालत असे. टेरीच्या ताटात रताळेच असण्याचा संभव अधिक. साधनातील शब्द आपल्या ओळखीचा असला म्हणजे वस्तूही ओळखीचीच असेल, हा समज इतिहासाच्या अभ्यासात किती महागात पडतो, याचे यापेक्षा घरगुती उदाहरण सापडणे कठीण.

खऱ्या बटाट्याचा ठळक प्रसार झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि त्यात कंपनी सरकारचा व मिशनऱ्यांचा हात मोठा होता. मराठीच्या अभ्यासकांना येथे एक ओळखीचे नाव भेटते. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने पंडित वैजनाथांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, १८१० मध्ये कोश काढला. त्याच कॅरीने १८२० मध्ये कलकत्त्यात कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन केली. देशी माळ्यांनी बटाटा, कोबी, वाटाणा लावावा म्हणून तिने बक्षिसे ठेवली. व्याकरण आणि वाफा ही एकाच माणसाची दोन कामे होती. जिंकलेल्या देशाला शिस्तीत आणण्याची ती ऊर्मी होती, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. परंतु त्यात भुकेल्याला स्वस्त अन्न मिळावे ही कळकळही होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे कॅरीच्या बाबतीत तरी मान्य करावे लागते.

मुंबई इलाख्यात बटाटा रुळला तो थंड हवेच्या आश्रयाने. महाबळेश्वराची वसाहत सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८२० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिली. तेथे तुरुंगात आणलेल्या चिनी व मलायी कैद्यांनी विलायती भाज्यांची आणि बटाट्याची लागवड केली. गॅझेटियरकारांनी त्यांच्या बागांची वाखाणणी केली आहे. मराठी मातीत पेरूचा कंद पोर्तुगीज नावाने, इंग्रज अधिकाऱ्यासाठी, चिनी कैद्याच्या हातून लागतो, यात कोण यजमान आणि कोण पाहुणा हे ठरवणे अवघडच आहे. पुढे हे पीक पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर या भागात उतरले आणि तेथे त्याने आपला स्वभाव बदलला: उत्तर हिंदुस्थानात जे रब्बीचे पीक, ते सातगाव पठारावर खरिपात, पावसाच्या भरवशावर घेतले जाऊ लागले. साताऱ्याकडे पुसेगावच्या परिसरातही ते स्थिरावले. नातेपुते या दोन्ही पट्ट्यांच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडते. तेथे बटाटा हे कधीच मुख्य पीक झाले नाही. बाजारातून पिशवीत येणारी ती वस्तू राहिली, आणि तरीही गावाच्या धार्मिक जीवनात तिने जी जागा मिळवली ती ज्वारीलाही मिळालेली नाही.

आळंदीहून पंढरपूरला निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड असे मुक्काम करीत धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते. जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम नातेपुते. दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरजवळ पहिले गोल रिंगण होते आणि मग माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशी पावले पंढरीकडे पडत जातात. आषाढी एकादशी अवघ्या पाच-सहा दिवसांवर आलेली असते. त्या दिवशी महाराष्ट्राच्या घराघरांत जे ताट वाढले जाते ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे: बटाटा अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, रताळे अमेरिकेचे, आणि साबुदाणा ज्यापासून करतात तो टॅपिओकाही अमेरिकेचाच. भगर सोडली तर कोलंबसापूर्वीच्या वारकऱ्याला या ताटातला एकही मुख्य पदार्थ ओळखता आला नसता. तुकोबांच्या काळी उपवास होता. उपवासाची बटाट्याची भाजी बहुधा नव्हती.

हे कसे घडले याचे सोपे उत्तर असे की एकादशीला निषिद्ध आहे ते धान्य, आणि कंदमुळे हा तर ऋषिमुनींचा आहार. बटाटा कंद, म्हणून तो चालतो. हे उत्तर पुरेसे नाही. कांदाही जमिनीखालीच वाढतो. एकादशीच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमी साजरी होते ती चातुर्मासात कांदा वर्ज्य करायचा म्हणून. वांग्याचीही तीच गत. कांदा, लसूण, वांगे ही या भूमीतली जुनी माणसे. त्यांची नावे, त्यांचे गुणदोष, त्यांचे वास निषेधांच्या याद्यांमध्ये नोंदले गेले होते. बटाट्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते, कारण याद्या झाल्या तेव्हा तो येथे नव्हता. 'कंदमूळ' हा मोकळा वर्ग मात्र तयार होता. नवागत त्यात अलगद जाऊन बसला. माझ्या मते बटाट्याचे सोवळे हे त्याच्या परकेपणाचे फळ आहे: ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही त्याच्याविरुद्ध साक्षही देता येत नाही. टोमॅटो आणि कोबी यांना ही सवलत मिळाली नाही हे खरे. त्यांच्यासाठी तसा रिकामा वर्ग उपलब्ध नव्हता, एवढेच त्याचे कारण सांगता येते.

पण नातेपुत्याच्या परिसरात हा एकच निवाडा झालेला नाही. गावापासून थोड्याच अंतरावर दहिगाव हे दिगंबर जैनांचे अतिशय क्षेत्र आहे. माळशिरस-फलटण पट्ट्यात जैन वस्ती जुनी आणि व्यापारात मुरलेली. जैन आचारात बटाटा वर्ज्य, आणि तोही नेमक्या त्याच कारणासाठी ज्यामुळे शेजारच्या घरात तो पवित्र ठरला: तो कंद आहे म्हणून. जैन विचाराप्रमाणे कंद हा अनंतकाय. एका देहात अनंत जीव राहतात अशा साधारण वनस्पतींत त्याची गणना होते. म्हणजे एकाच पेठेत, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन स्वयंपाकघरांपैकी एकात आषाढी एकादशीला बटाटा शिजतो आणि दुसऱ्यात वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस शिजत नाही. चातुर्मास दोघांचाही, त्याचा प्रारंभही जवळपास एकाच सुमारास. एका परक्या कंदाविषयी दोन देशी परंपरांनी, आपापल्या जुन्या वर्गवारीतून, परस्परविरुद्ध निकाल दिले आणि दोन्ही घरांचा शेजार टिकून राहिला. आपल्या सामाजिक इतिहासात अशा निवांत मतभेदांची नोंद फारशी होत नाही, कारण त्यांतून दंगल उद्भवत नाही.

गोणीत बटाटा लावणाऱ्याला, तो कोणत्याही घरचा असो, जैन वर्गवारीतला एक बारकावा डोळ्यांनी पाहता येतो. बटाटा हे मूळ नव्हे. ते जमिनीखाली फुगलेले खोड आहे. त्याच्या अंगावरचा प्रत्येक डोळा म्हणजे एक कळी, आणि डोळा धरून कापलेल्या प्रत्येक फोडीतून स्वतंत्र झाड उठते. एका देहात अनेक जीव ही कल्पना येथे निव्वळ तत्त्वज्ञानाची राहत नाही.

आता गोणीकडे वळू. अन्न कुंडीत पिकवण्याची कल्पना संकटाच्या काळात बळावते असा अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये परसात, पिंपांत बटाटे लावले गेले. आपल्याकडे १९४२-४३ पासून 'अधिक धान्य पिकवा' मोहीम चालली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि स्वतःच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवला. या मोहिमा ओसरल्या. महाराष्ट्रात गच्चीवरील शेतीला विचाराचे अधिष्ठान मिळाले ते कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांमुळे. १९२४ ते २००१ असे आयुष्य लाभलेले हे गणिताचे अध्यापक. त्यांनी गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम केले, 'प्रयोग परिवार' उभा केला, आणि 'विपुलाच सृष्टी' या मराठी व 'प्लेंटी फॉर ऑल' (१९९८) या इंग्रजी पुस्तकांतून एक धाडसी हिशेब मांडला: शेतीचे खरे भांडवल जमीन नसून पानावर पडणारा सूर्यप्रकाश आहे. हा हिशेब मान्य केला की सातबारा नसलेला माणूसही शेतकरी होऊ शकतो. मुंबईत वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी पिशव्यांत उसाची चिपाडे आणि कंपोस्ट भरून गच्चीवर भाजी पिकवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली.

गच्ची आणि बटाटा ही जोडी मराठी वाचकाला आणखी एका ठिकाणी भेटलेली असते. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकातला बटाटा हे आडनाव आहे, कंदाशी त्याचा संबंध नाही. पण त्यातील भाडेकरूंचा मोठा लढा गच्चीसाठीच आहे, आणि 'गच्चीसह झालीच पाहिजे' हे प्रकरणाचे नाव संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचा प्रतिध्वनी आहे. चाळकऱ्यांना गच्ची हवी होती ती हवेसाठी, चांदण्यासाठी, थोड्या मोकळिकीसाठी. त्या गच्चीवर काही पिकवावे, हे पुढच्या पिढीच्या गच्चीचे स्वप्न. मराठी मध्यमवर्गाच्या गच्चीविषयीच्या अपेक्षांचा इतिहास कोणी लिहिला तर मी तो आवडीने वाचीन.

नातेपुत्याच्या गच्चीवर दाभोळकरांचे भांडवल मुबलक आहे. किंबहुना अंमळ अधिकच आहे. बटाट्याला कंद धरण्यासाठी रात्री थंड लागतात, साधारण पंधरा ते वीस अंश. माती तापली की झाड पाला वाढवते आणि खाली काही धरत नाही. म्हणून येथे लागवड दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. काढणी फेब्रुवारीत, ऊन चढण्यापूर्वी. काळी प्लॅस्टिकची पिशवी उघड्या स्लॅबवर ठेवली तर दुपारी मुळे शिजतात. त्यापेक्षा गोणपाट बरे, विटांवर टेकवलेले, पश्चिमेकडून आडोसा केलेले. तळाशी उसाचे पाचट, त्यावर माती आणि कुजलेले शेणखत. झाड वीतभर झाले की पुन्हा भर. पाचटाला येथे तोटा नाही. नीरा उजव्या कालव्याने आणि १९३० च्या दशकात माळीनगरला सासवडच्या माळ्यांनी उभारलेल्या साखर कारखान्याने या कोरड्या तालुक्याचा चेहरा उसाचा करून टाकला आहे. भर देत देत गोणी उंच केली म्हणजे थरावर थर बटाटे लागतात, ही मात्र चित्रांतली गोष्ट. आपल्याकडच्या अल्पमुदतीच्या जाती एका पातळीवरच कंद धरतात. भर द्यायची ती उन्हाने बटाटे हिरवे आणि विषारी होऊ नयेत म्हणून. एका गोणीतून किलो-दीड किलो निघाले तर समाधान मानावे.

खरा प्रश्न बेण्याचा आहे. माळशिरसच्या शेतकऱ्याला 'बेणे' हा शब्द उसामुळे तोंडपाठ. उसाचे बेणे स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या फडातून घेता येते. बटाट्याचे तसे नाही. विषाणू मावा नावाच्या किडीमार्फत झाडात शिरतात, कंदातून पुढच्या पिढीत उतरतात, आणि तीन-चार हंगामांत घरचे बेणे लिंबाएवढे बटाटे देऊ लागते. उत्तरेच्या मैदानात हिवाळ्याचे काही आठवडे माव्याचा उपद्रव नसतो. तेवढ्या अवकाशात बेणे वाढवून जानेवारीत पाला कापून टाकण्याची पद्धत केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बसवली. दख्खनवर असा पुरेसा अवकाश मिळत नाही. म्हणून मंचरच्या बाजारात दर पावसाळ्याच्या तोंडी जालंधरचे बेणे उतरते.

हे परावलंबन आजचे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' (१९१७) या ग्रंथामुळे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पश्चिम भारतातील बटाट्याच्या लागवडीवर प्रदीर्घ पाहणी केली. त्या काळी खेडकडे चांगले बेणे म्हणजे इटलीहून बोटीने येणारे पांढरे गोल बेणे. पहिल्या महायुद्धाने ती आवक विस्कळीत केली तेव्हा खेडच्या शेतकऱ्याला युरोपातील रणांगणाची झळ पोहोचली. शेतात 'बांगडी' हा रोग होताच: कंद कापला की आत तपकिरी कडे दिसते, म्हणून शेतकऱ्यांनीच ठेवलेले हे नाव. आणि सगळे बेणे एकाच वाणाचे, म्हणजे एकाच झाडाच्या प्रतिकृती असले की काय होते, हे आयर्लंडने १८४५ नंतरच्या करप्यात आणि उपासमारीत पाहिले होते.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, बटाटा संशोधन संस्था प्रथम पाटण्यास निघाली आणि १९५६ मध्ये सिमल्यास गेली. तिच्या वाणांना सिमल्याजवळच्या 'कुफ्री' या गावाचे नाव लावतात: कुफ्री ज्योती, कुफ्री चंद्रमुखी. १९७२ मध्ये पठारी प्रदेशासाठी, काहीशा उष्ण हवेतही झटपट पोसणारा एक वाण प्रसृत झाला. त्याचे नाव 'कुफ्री लवकर'. या हिमाचली-मराठी समासाकडे कोणा भाषाभ्यासकाचे लक्ष गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. नाव मराठी, जन्म हिमालयातला. घरचा म्हणता येईल असा बटाटा आपल्याला याहून जवळचा मिळालेला नाही.

दाभोळकरांच्या हिशेबाला येथे एक टीप जोडावीशी वाटते. सूर्यप्रकाश ज्याचा त्याचा असतो, ओला कचरा आणि पाचट ज्याचे त्याचे असते. पण प्रत्येक पिकाचे बेणे ज्याच्या त्याच्या हाती नसते. मेथी, टोमॅटो, वांगे यांचे बी गच्चीवर धरता येते आणि त्या अर्थाने ती घरची होतात. बटाटा होत नाही. स्वयंपूर्णतेच्या साहित्यात या भेदाची चर्चा कमी आढळते, आणि कुंडीतील बागेवरच्या हौशी लेखनात तर मुळीच नाही. तेथे टोपलीतला कोंब आलेला बटाटा पुरून टाकण्याचा सल्ला असतो. तो उगवतो, नाही असे नाही. त्याच्या पोटात कोणता विषाणू आहे हे मात्र गोणी रिकामी केल्यावरच कळते.

फेब्रुवारीत नातेपुत्याच्या गच्चीवर गोणी उपडी होते. हाताला लागतील तेवढे बटाटे महाशिवरात्रीच्या उपवासापर्यंत पुरतात. शेजारी शिखर शिंगणापूर असल्याने त्या दिवसाचे महत्त्व येथे काही कमी नाही. लहान गोट्या बेण्यासाठी म्हणून कोणी वाळूत ठेवते. एप्रिल-मेच्या उष्म्यात त्या सुरकुततात किंवा सडतात. ज्येष्ठ सरून आषाढ लागतो, पालखी धर्मपुरी ओलांडून येते, आणि पंढरीच्या वाटेवरील राहुट्यांमध्ये एकादशीसाठी उतरवली जाणारी बटाट्याची पोती आग्रा, इंदूर किंवा गुजरातकडच्या शीतगृहांतून निघालेली असतात.